न्यू ऑर्लीन्समध्ये ऐकायचं कुठं? आधी रस्त्यावर, मग सभागृहात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरात कामानिमित्त ह्यूस्टनला येताय, तिथून चार दिवस न्यू ऑर्लीन्ससाठी काढलेत, स्वतः तबला वाजवता. कोणत्या पाच सभागृहांत जावं? तिथं आता खरं काही उरलंय की सगळं पर्यटकांसाठी मांडून ठेवलेलं आहे? आणि तबला सोबत आणू का?

मी 2004 पासून या शहरात साउंड करतो. त्याआधी मुंबईत मराठी नाटकांना आणि वाद्यवृंदांना केला. इथल्या छोट्या बारपासून मोठ्या थिएटरपर्यंत बऱ्याच जागांवर मी केबल अंथरल्यात, त्यामुळे पाच नावं सांगणं सोपं आहे. पण त्याआधी एक विनंती. तुमच्या चार दिवसांत रविवार आला पाहिजे. त्यासाठी तिकीट बदलावं लागलं तरी बदला.

कारण या गावात संगीत आधी रस्त्यावर वाढलं आणि मागाहून आत गेलं. वाद्यं कुठली घ्यायची, किती जोरात फुंकायची, ठोका कुठं द्यायचा, ऐकणाऱ्यानं बसायचं की चालायचं, हे सगळं रस्त्यानं ठरवलं. ते एकदा उघड्यावर ऐकलंत की प्रत्येक सभागृहात काय टिकलंय आणि काय बदललंय ते कानाला आपोआप कळायला लागतं. उलट्या क्रमानं गेलात तर सगळं छान वाटेल, पण हाताला काही लागणार नाही.

रविवारी दुपारी जी मिरवणूक निघते तिला इथं ‘सेकंड लाइन’ म्हणतात. ऑगस्टच्या अखेरीपासून पुढच्या जूनपर्यंत जवळपास दर रविवारी कुठल्या ना कुठल्या वस्तीत एखाद्या मंडळाची मिरवणूक असते. या मंडळांना सोशल एड अँड प्लेझर क्लब म्हणतात. मंडळाचे सभासद एकसारखे सूट, टोप्या, खांद्यावर पट्टे, हातात पिसांचे पंखे अशा थाटात पुढं. त्यांच्याबरोबर ब्रास बँड, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा आणि ड्रमचा ताफा. ही झाली पहिली ओळ. मागून चालणारी, नाचणारी वस्ती म्हणजे दुसरी ओळ. मार्ग ठरलेला असतो, मध्ये मध्ये बारपाशी थांबे असतात आणि हे साधारण चार तास चालतं. त्या आठवड्याचा मार्ग डब्ल्यूडब्ल्यूओझेड या स्थानिक रेडिओच्या संकेतस्थळावर मिळतो. हे केंद्र 1980 पासून गावाचं संगीत गावाला ऐकवतंय. हॉटेलात पोचल्याबरोबर एफएम 90.7 लावून ठेवा.

ही मंडळं मुळात गाण्याबजावण्यासाठी निघाली नव्हती. गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात कृष्णवर्णीय माणसाला विमा कंपनी दारात उभी करत नव्हती. मग लोकांनी महिन्याची वर्गणी काढून आपापल्या संस्था काढल्या. सभासद आजारी पडला तर डॉक्टर आणि औषध, मेला तर रीतसर अंत्ययात्रा. अंत्ययात्रा म्हणजे बँड आलाच. 1884 साली निघालेली यंग मेन ऑलिंपियन ही संस्था आजही मिरवणूक काढते. गिरणगावातली गावमंडळं किंवा धोबीतलावचे गोवेकरांचे कूड ज्यांनी पाहिलेत त्यांना हा मामला लगेच उमजेल. स्मशानाकडं जाताना बँड संथ स्तोत्रं वाजवतो. स्नेअर ड्रमच्या तारा सैल केलेल्या असतात, त्यामुळे तो ड्रम दबक्या आवाजात बोलतो. निरोप झाला की तारा पुन्हा ताणल्या जातात, एक कडक सलामी पडते आणि परतीच्या वाटेवर तोच बँड नाचायला लावतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तारा ताणल्याचा तो बारीकसा आवाज माझ्या शेजारी झाला होता आणि पुढच्याच क्षणी सगळ्या गर्दीचे खांदे एकदम सैल झालेले दिसले.

तबलावादक म्हणून तुम्ही बँडच्या मागच्या अंगाला, बेस ड्रमच्या जवळ चाला. इथं ड्रमसेट नसतो. दोघंजण असतात. एकाच्या गळ्यात स्नेअर, दुसऱ्याच्या छातीवर बेस ड्रम आणि त्या ड्रमच्या माथ्यावर बसवलेली झांज. ही झांज पुष्कळजण तारेच्या हँगरनं नाहीतर स्क्रू-ड्रायव्हरनं वाजवतात, कारण उघड्यावर त्याचा टणत्कार गर्दीतून आरपार जातो. आता ठोके मोजा. चार-चारच्या दोन मापांना मिळून आठ मात्रा धरा. सरळ लष्करी मार्चमध्ये वजन पहिल्या-तिसऱ्यावर पडतं. इथं आठव्या मात्रेवर बेस ड्रमचा एक दणका येतो, म्हणजे समेच्या अगदी उंबरठ्यावर. याला ‘बिग फोर’ म्हणतात. बडी बोल्डन या कॉर्नेटवादकानं (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा आखूड भाऊ) ते आणलं असं इथं मानतात. बोल्डन 1877 चा. 1907 मध्ये त्याला मनोरुग्णालयात दाखल केलं, तिथंच 1931 मध्ये तो गेला. त्याच्या वादनाची एकही ध्वनिमुद्रिका हाती लागलेली नाही. त्याचं जे काही शिल्लक आहे ते या आठव्या मात्रेत.

बँड जेव्हा नाचाच्या दिवाणखान्यांत आणि छोट्या मंचांवर गेले तेव्हा दोन ड्रमवाल्यांना ना जागा होती ना बिदागी. मग एकाच माणसानं बेस ड्रम पायानं आणि स्नेअर हातानं वाजवायला सुरुवात केली. लुडविग कंपनीनं 1909 मध्ये पायाचं पेडल बाजारात आणलं आणि ही सोय पक्की झाली. ड्रमसेट नावाच्या वाद्याच्या घडणीत या गावच्या बेबी डॉड्ससारख्या वादकांचा मोठा हात आहे. जागा आखडली म्हणून वाद्य बदललं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मिरवणूक ट्रेमे या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीतून जात असेल तर क्लेबोर्न अव्हेन्यूवरच्या महामार्गाच्या पुलाखाली ती हमखास रेंगाळते. तिथं थांबा. मोकळ्या रस्त्यावर ट्रम्पेटचा आवाज पुढं निघून जातो, परत येत नाही. पुलाखाली वरचा काँक्रीटचा स्लॅब आणि जाडजूड खांब तो आवाज परत खाली फेकतात. दहा जणांचा बँड तीस जणांचा वाटतो, सूसाफोन या अंगाभोवती घेऊन वाजवायच्या अजस्र पितळी वाद्याचा खर्ज तळपायातून वर चढतो. वाजवणाऱ्यांना हे पुरतं ठाऊक असतं. ते तिथं मुद्दाम थांबतात आणि तुताऱ्यांची तोंडं वर करतात. पण याच जागी आधी ओक झाडांच्या रांगा होत्या. त्या सावलीत कृष्णवर्णीयांची दुकानं, दवाखाने, कार्निव्हलच्या दिवशी घराघरांच्या पंगती. 1966 मध्ये महामार्गासाठी ती झाडं तोडली. खांबांवर आता ओकची चित्रं रंगवलेली आहेत. मला तिथला घुमारा मनापासून आवडतो आणि तो ऐकताना झाडांची आठवणही येतेच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर काँगो स्क्वेअर. आता तो लुई आर्मस्ट्राँग पार्कच्या आत आहे, रॅम्पार्ट स्ट्रीटला लागून. फ्रेंच आणि स्पॅनिश अमलात गुलामांना रविवारची मोकळीक असे. ते बाजार मांडत, वाजवत, नाचत. 1817 मध्ये शहरानं नियम केला की गुलामांनी जमायचं ते फक्त रविवारी, नेमून दिलेल्या जागी आणि सूर्यास्तापर्यंतच. ती जागा ही. बेंजामिन लॅट्रोब या वास्तुविशारदानं 1819 मध्ये इथं पाच-सहाशे लोक गोल करून नाचताना पाहिले. मांडीत धरून बोटांनी वाजवायचे ड्रम आणि भोपळ्याचं तंतुवाद्य त्यानं चितारून ठेवलंय. अमेरिकेत इतरत्र बहुतेक ठिकाणी गुलामांच्या ढोलांवर बंदी होती. इथं आफ्रिकी ठेका उघडपणे जिवंत राहिला आणि क्यूबा-हैतीकडून आलेल्या लोकांनी त्यात भर घातली. आठ मात्रांची तीन-तीन-दोन अशी विभागणी हातावर धरून पाहा. मग या गावातलं काहीही ऐका, जुना जाझ असो, फॅट्स डोमिनोचा पियानो असो की परवाचा ब्रास बँड, ती तळाशी सापडतेच. 2011 पर्यंत या चौकाला अधिकृतपणे यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या एका सेनापतीचं नाव होतं. लोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या काँगो स्क्वेअरच म्हणत आले.

इथं एक गोष्ट जाता जाता. 1890 च्या पुढंमागं हुगळीकडचे बंगाली मुस्लिम फेरीवाले चिकनकामाचे कपडे विकायला या गावात येत आणि त्यातले काहीजण ट्रेमे भागातल्या कृष्णवर्णीय घरांत लग्नं करून राहिले. तेव्हा आपल्याकडचा माणूस या गल्ल्यांत पहिल्यांदा फिरतोय असं समजू नका.

आता साउथ रॅम्पार्ट स्ट्रीट. इथं मी तुम्हाला सांभाळून पाठवतोय, कारण पाहायला फार थोडं उरलंय. जाझचा थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग, त्याचा जन्म 4 ऑगस्ट 1901 चा, याच बाजूच्या गरीब वस्तीतला. लहानपणी तो कार्नोफ्स्की या ज्यू कुटुंबाच्या कोळशाच्या गाडीवर पत्र्याचा भोंगा फुंकायचा. त्यांच्या दुकानाची इमारत एवढी वर्षं तग धरून होती, ती 29 ऑगस्ट 2021 च्या आयडा वादळात कोसळली. मी दुसऱ्या आठवड्यात गेलो तेव्हा फुटपाथवर विटांचा ढीग होता. आर्मस्ट्राँग 1912 च्या शेवटच्या रात्री रस्त्यात पिस्तूल उडवल्याबद्दल पकडला गेला, मुलांच्या सुधारगृहात गेला आणि तिथल्या बँडमध्ये कॉर्नेट नीट शिकला. 1922 मध्ये किंग ऑलिव्हर या कॉर्नेटवादकाच्या बोलावण्यावरून तो शिकागोला गेला. गावातले कितीतरी उत्तम वादक असेच पोटासाठी बाहेर पडले.

त्यांच्यातला एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक पोरवयात याच गावात जाझ शिकला, पुढं शांघायमार्गे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात पोचला. ताजच्या त्या दिवसांत गोव्याचे वादक हे वळण शिकले. हळदोण्याचा चिक चॉकलेट तर आर्मस्ट्राँगच्या ढंगात ट्रम्पेट वाजवण्यासाठीच ओळखला जायचा. तो पुढं सी. रामचंद्रांबरोबर काम करत होता आणि 1951 च्या ‘अलबेला’त बँडसह पडद्यावरही दिसतो. आपल्या आजी-आजोबांनी ज्या गाण्यांवर ठेका धरला त्यांतल्या पितळी वाद्यांचं मूळ शोधत गेलात तर एक वाट या रॅम्पार्ट स्ट्रीटवर येऊन थांबते.

त्याच रस्त्याच्या उत्तर टोकाला, डुमेन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जे अँड एम स्टुडिओ होता. कोझिमो मटासानं 1945 मध्ये दुकानाच्या मागच्या छोट्या खोलीत तो उघडला. डिसेंबर 1949 मध्ये फॅट्स डोमिनोनं ‘द फॅट मॅन’ तिथं ध्वनिमुद्रित केलं, सप्टेंबर 1955 मध्ये लिटल रिचर्डनं ‘टूटी फ्रूटी’. दोन्ही वेळी ड्रमवर अर्ल पामर, ज्याच्या हातात सेकंड लाइन मुरलेली होती. वेगळे वेगळे ट्रॅक नव्हते. माइक मोजके, वाद्यांचा तोल साधायचा तो माणसांना खोलीत पुढं-मागं सरकवून. मी नव्या मुलांना साउंड शिकवतो तेव्हा त्यांना या कोपऱ्यावर घेऊन येतो. उंबऱ्यावरची ‘जे अँड एम’ ही अक्षरं अजून वाचता येतात.

आता तुम्ही विचारलेली सभागृहं. पहिलं नाव प्रिझर्वेशन हॉल, 726 सेंट पीटर स्ट्रीट, फ्रेंच क्वार्टर. पर्यटक खूप येतात म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. पन्नासच्या दशकात जाझची फॅशन बदलली आणि गावातल्या म्हाताऱ्या वादकांना कामं मिळेनाशी झाली. लॅरी बोरेनस्टाइन नावाच्या गृहस्थाची इथं चित्रांची गॅलरी होती. संध्याकाळी त्याला दुकान सोडून ऐकायला जाता येत नसे, म्हणून तो वादकांनाच बोलावून वाजवायला लावी. 1961 मध्ये पेन्सिल्व्हेनियाकडचं ॲलन आणि सँड्रा जाफी हे तरुण जोडपं आलं आणि त्यांनी जागा चालवायला घेतली. ॲलन स्वतः ट्यूबा वाजवायचा. जॉर्ज लुईस, स्वीट एमा बॅरेट, बिली आणि डी डी पिअर्स असे जुने लोक तिथं रोज वाजवू लागले. आणि ज्या काळात या राज्यात गोऱ्या-काळ्यांनी एकत्र बसण्यावर कायद्याचा बडगा होता, त्या काळात या खोलीत ते एकत्र बसत.

खोली लहान आहे. साधारण शंभर माणसं. पुढं जमिनीवर उशा, मग चार-दोन बाकं, बाकीचे उभे. माइक नाही, स्पीकर नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उशीवर बसलो होतो आणि ट्रॉम्बोनची सरक माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर येऊन परत जात होती. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही खोली फार शिकवते. जुनी लाकडी जमीन, पोपडे आलेल्या भिंती आणि दाटीवाटीनं बसलेली माणसं. माणसांची अंगं आणि कपडे वरचे कर्कश सूर पिऊन टाकतात, म्हणून ट्रम्पेट इतक्या जवळ असूनही टोचत नाही. गायक गाऊ लागला की पितळी वाद्यं आपणहून खाली येतात. ड्रमवाला काठ्या ठेवून ब्रश घेतो. तोल साधायला कुणी माझ्यासारखा मागं बसलेला नसतो, तो ते एकमेकांचं ऐकून साधतात. क्लॅरिनेट वरच्या पट्टीत वेलांट्या घेत फिरते, ट्रम्पेट चाल धरतो, ट्रॉम्बोन खालून घसरत येऊन जागा भरतो. या ट्रॉम्बोनच्या वळणाला ‘टेलगेट’ म्हणतात, कारण पूर्वी बँड जाहिरातीसाठी घोडागाडीतून फिरत आणि ट्रॉम्बोनवाल्याला सरक मोकळी करता यावी म्हणून गाडीच्या मागच्या फळीशी बसवत. म्हणजे रस्ता इथंही आहेच. तिकीट आधी काढा आणि उशीवरची जागा मिळाली तर सोडू नका. फर्माईश केलीत तर पैसे पडतात, त्यातही ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’ या गाण्याचे जास्त.

दुसरं नाव ड्यू ड्रॉप इन, लासाल स्ट्रीट. फ्रँक पेनियानं 1939 मध्ये केशकर्तनालयापासून सुरुवात करून तिथं खाणावळ, हॉटेल आणि नाचगाण्याचा हॉल उभा केला. प्रवासात असलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांना शहरातल्या गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे. ते इथं राहत आणि इथंच वाजवत. रे चार्ल्स, लिटल रिचर्ड, सगळे. मोठा कार्यक्रम दुसरीकडं उरकून मंडळी मध्यरात्रीनंतर इथं येत आणि पहाटेपर्यंत वाजवत. पॅटसी व्हिडालिया हा स्त्रीवेषात निवेदन करणारा कलावंत ते रंगवायचा. 1952 मध्ये एक गोरा सिनेनट श्रोत्यांत बसला म्हणून पोलिसांनी त्याला आणि पेनियाला पकडलं. 1964 मध्ये पेनियानं शहरावर दावा लावला. पुढं जागा बंद पडली आणि कितीतरी वर्षं रंग उडालेल्या पाटीसह तशीच उभी राहिली. 2024 मध्ये ती हॉटेल आणि सभागृह म्हणून पुन्हा उघडली. मी त्या रस्त्यानं किती वर्षं नुसता जात होतो. आता आतून ड्रमचा आवाज येतो, तो ऐकायला तुम्ही एक रात्र काढाच.

तिसरं, टिपिटिनाज. नेपोलियन अव्हेन्यू आणि चॉपिटूलस स्ट्रीटचा कोपरा. 1977 मध्ये काही तरुण चाहत्यांनी प्रोफेसर लाँगहेअर या पियानोवादकाला उतारवयात हक्काची जागा मिळावी म्हणून ती काढली आणि त्याच्याच गाण्याचं नाव दिलं. हा माणूस मध्यंतरी रेकॉर्डच्या दुकानात झाडलोट करून जगत होता. डाव्या हातात क्यूबाचा ठेका, उजव्यात ब्लूज, असं त्याचं वाजवणं. या गावातला त्याच्यानंतरचा प्रत्येक पियानोवादक त्याचं देणं लागतो. 1980 च्या जानेवारीत तो गेला. दारातून आत गेलं की त्याचा पुतळा आहे आणि लोक जाता-येता त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात. 2018 पासून गॅलॅक्टिक या बँडचे वादक या जागेचे मालक आहेत. साधारण आठशे लोकांची उंच छताची जागा, इथं मात्र साउंड लागतो आणि चांगला आहे.

चौथं, ओक स्ट्रीटवरचा मेपल लीफ बार. 1974 पासूनचा. अरुंद, लांबट, भिंती आणि छत नक्षीच्या पत्र्यानं मढवलेलं. पत्रा काही शोषून घेत नाही. ब्रास बँड वाजायला लागला की आवाज चारी बाजूंनी अंगावर येतो, कानाला बोळे हवेतच. इथं रिबर्थ ब्रास बँडनं वर्षानुवर्षं मंगळवारची रात्र गाजवली. 1983 मध्ये शाळकरी मुलांनी सुरू केलेला हा बँड पुलाखालचा घुमारा पत्र्याच्या खोलीत घेऊन आला असं मला नेहमी वाटतं.

पाचवं, फ्रेंचमेन स्ट्रीटवरचं स्नग हार्बर. बसून, शांतपणे, आधुनिक जाझ ऐकायची जागा. एलिस मार्सालिस इथं कित्येक वर्षं शुक्रवारी पियानोवर बसत. विंटन आणि ब्रॅनफर्ड या नामांकित जाझवादकांचे वडील एवढीच त्यांची ओळख नाही, हॅरी कॉनिक धाकटा, टेरेन्स ब्लँचर्ड अशी एक पिढी त्यांनी कलाशाळेत शिकवून तयार केली. 1 एप्रिल 2020 ला करोनानं ते गेले. त्याच रस्त्यावर दाराशी दार लागून आणखी जागा आहेत. रस्त्यात उभं राहून कान जिकडं ओढेल तिकडं जा.

मोठ्या थिएटरांचं थोडक्यात सांगतो, कारण चार दिवसांत ती पाचांत बसत नाहीत. कॅनॉल स्ट्रीटवरचं 1927 चं सेंगर पाहायला सुंदर, छतावर चांदण्यांचं आकाश. ऑर्फियम मला जास्त जवळचं. ते माइकच्या आधीच्या काळातलं, व्हॉडव्हिलसाठी, म्हणजे गाणी-नाच-विनोदाच्या मिश्र खेळांसाठी, बांधलेलं. रचना उभी, बाल्कन्या मंचाच्या अंगावर आलेल्या, त्यामुळे शेवटच्या रांगेतला माणूसही फार लांब पडत नाही. लुइझियाना फिलहार्मोनिक तिथं वाजवतो. जुना सिंफनी वाद्यवृंद आर्थिक अडचणीत बंद पडल्यावर 1991 मध्ये वादकांनी स्वतःच्या मालकीचा हा वाद्यवृंद उभा केला. आणि ऑपेरा? न्यू ऑर्लीन्समध्ये 1796 पासून ऑपेरा होत आला. बर्बन आणि टूलूझ स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं 1859 चं फ्रेंच ऑपेरा हाउस डिसेंबर 1919 मध्ये जळालं. क्रिओल, म्हणजे फ्रेंच वळणाच्या मिश्रवंशीय, घरांतल्या क्लॅरिनेटवादकांच्या गळ्यासारख्या फिरतीत त्या ऑपेराचा वास आहे असं जुने वादक सांगतात, आणि त्यांतला सिडनी बेशे ऐकला की ते पटतं.

आता ‘खरं काही उरलंय का’. 29 ऑगस्ट 2005 ला कॅटरिना वादळ आलं, बांध फुटले, शहराचा साधारण ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. त्या शरद ऋतूत मी एका हॉलमधून साउंडचा मिक्सर बाहेर काढायला गेलो होतो. भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ होती. मिक्सरचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचे सरकते खटके, चिखलात जागच्या जागी बसले होते, ज्या पातळीवर शेवटच्या कार्यक्रमात सोडले होते तिथंच. पियानोच्या पट्ट्या फुगून एकमेकींत अडकलेल्या. सेंगर 2013 ला उघडलं, ऑर्फियम 2015 ला. सभागृहांना आठ-दहा वर्षं लागली. रस्त्यावरच्या मिरवणुका पहिल्याच हिवाळ्यात निघाल्या, कित्येक लोक फक्त एका रविवारसाठी ह्यूस्टनहून, अटलांटाहून गाडी चालवत येत होते. अपर नाइन्थ वॉर्डात संगीतकारांसाठी बहात्तर घरांची वसाहत उभी राहिली. कॉनिक आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस यांनी ती मनावर घेतली.

पण रस्ता फुकट मिळालेला नाही. कॅटरिनानंतर परवान्याची फी इतकी वाढवली की मंडळांना फेडरल कोर्टात जाऊन ती खाली आणावी लागली. 2007 मध्ये ट्रेमेत केर्विन जेम्स या ट्यूबावादकाच्या आठवणीत लोक वाजवत निघाले तर परवाना नाही म्हणून दोन वादकांना पकडलं. दुसऱ्या संध्याकाळी, परवाना काढून, लोक पुन्हा त्याच रस्त्यावर आले. आणि टूटी मोंटाना. मार्डी ग्रा (कार्निव्हलचा शेवटचा दिवस) इंडियन्स नावाची कृष्णवर्णीयांची परंपरा आहे. वर्षभर मणी आणि पिसं स्वतःच्या हातानं शिवायची आणि खंजिरीवर गात वस्तीत फिरायचं. मोंटाना त्यांचे मोठे प्रमुख. 27 जून 2005 ला, वयाच्या ऐंशीच्या घरात, ते पोलिसांच्या दांडगाईबद्दल नगर परिषदेत साक्ष द्यायला उभे राहिले आणि बोलता बोलता मंचापाशी कोसळले. सभागृहातल्या लोकांनी त्यांच्यासाठी ‘इंडियन रेड’ ही प्रार्थना गायली. ज्या परंपरेसाठी माणसं अशी उभी राहतात तिला मी देखावा म्हणणार नाही.

धोका आहे तो घरभाड्यांचा. ट्रेमेतली जुनी लाकडी घरं पर्यटकांना रोजानं दिली जातात आणि वाजवणारी पोरं लांब राहायला जातात. पूर्वी शेजारच्या अंगणात सराव चालायचा, तो ऐकतच लहान मूल मोठं व्हायचं. ते अंतर वाढलं तर पुढचा ट्यूबावादक कुठून येणार याची मला खरोखर काळजी वाटते. म्हणून तुम्ही राहताना हॉटेलात राहा. खिशात रोख ठेवा. बऱ्याच ठिकाणी वादकांची कमाई मंचापुढच्या बादलीतून होते आणि एका तासाच्या ऐकण्याला पाच-दहा डॉलर टाकणं हा तिथला साधा रिवाज आहे. बर्बन स्ट्रीटवर गोंगाट फार, एक फ्रिट्झल्स हा जाझ बार सोडला तर मी तिथं तुमचा वेळ घालवणार नाही.

तबला आणा. नोव्हेंबरात हवा जरा बरी असते, तरी नदी आणि तळ्याच्या मधलं हे गाव दमटच. बाहेर पुडी सैल पडून सूर उतरतो, एसीच्या खोलीत चढतो. कापडी खोळीवर प्लॅस्टिकचं आवरण घ्या आणि वाजवण्याआधी अर्धा तास त्याच हवेत ठेवा. हातोडी चेक-इनच्या बॅगेत टाका. रविवारी दुपारी काँगो स्क्वेअरला ढोलवाले जमतात. तिथं पोचल्याबरोबर खोळ उघडू नका. आधी गोलाच्या बाहेर उभे राहून टाळ्यांवर तीन-तीन-दोन धरा, जुनी माणसं कोण आहेत ते ओळखा, त्यांना नमस्कार करून विचारा. जागा करून दिली तर डग्गा पुढं घ्या आणि पहिलं आवर्तन नुसता खर्ज द्या.